दुधाची आजी

रूपाबाईनं तिला दोनदा सांगितलं होतं. मोहिनीनं दोन्ही वेळा ते ऐकलं आणि सोडून दिलं.

पौषातली सकाळ होती. अंगणात कोवळं ऊन आलेलं आणि तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचं भगुनं वाफाळत होतं. रूपाबाई पाटावर पाय लांबवून बसली होती. दीड वर्षाची पुजा आता तिच्या पायांवर मावत नव्हती. डोकं एका बाजूला लोंबायचं, टाचा मातीत टेकायच्या. तरी म्हातारीचा हट्ट, की हिला मीच न्हाऊ घालणार. वस्तीची सुईण ती. दवाखान्याची गाडी वस्तीवर यायला लागली तसं तिचं बाळंतपणाचं काम सुटलं, पण लेकराच्या अंगाला तेल लावायचा हक्क तिनं कुणाला दिला नव्हता.

"या वस्तीतलं एकूणएक लेकरू माझ्या हातावर आलं," पुजाच्या पाठीवर तळवा फिरवत ती म्हणाली. "एक तुझा नवरा सोडून. दवाखान्यात रगत द्यायच्या आदी सासूला इचार, परमेसर कोन्त्या रानात जलमला."

मोहिनीला हसू आलं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाला बोलावलं नाही म्हणून ही बाई अजून रुसलेली आहे, असं तिला वाटलं. धनगराच्या बायका मेंढरांमागं फिरताना रानातच बाळंत होतात, त्यात विचारायचं काय? शिवाय मोहिनी बी.ए. झालेली. रक्त खोटं बोलत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि आपण खोटं वागलो नाही हे त्याहून पक्कं. मग भीती कसली? पुजाच्या डोक्यावर तांब्यानं पाणी पडलं, तिनं असा काही सूर लावला की रूपाबाईचं पुढचं बोलणं त्यात वाहून गेलं.

रक्ताची वेळ आली ती एका कागदापायी.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात, डोंगरकड्याजवळच्या वळणावर मेंढरं रस्ता ओलांडत असताना वाळूचा टिप्पर आला. परमेश्वर गेला आणि अकरा मेंढ्या गेल्या. मोहिनीला तेव्हा तिसरा महिना होता. बाळंतपणाला ती माहेरी गेली. तिथं दवाखान्याच्या कार्डावर तिचं माहेरचंच नाव चढलं, आणि पुढं जन्माच्या दाखल्यावर बापाच्या रकान्यात तिच्या स्वतःच्या बापाचं नाव येऊन बसलं. दाखला हातात आला तेव्हा ती ओली बाळंतीण, सोयर-सुतक सगळं एकात एक झालेलं. तिनं तो न वाचता पेटीत ठेवला.

विमा कंपनीच्या वकिलानं मात्र नीट वाचला. हिंगोलीच्या कोर्टात परमेश्वरच्या मरणाचा दावा चालू होता, त्यात तो उठून म्हणाला, की मरणानंतर सहा महिन्यांनी जन्मलेलं हे मूल, दाखल्यावर बाप भलताच. हे मूल मयताचं कशावरून? मोहिनीच्या कडेवर पुजा होती. सगळं कोर्ट त्या लेकराच्या तोंडाकडं बघायला लागलं, आणि पुजानं सगळ्या कोर्टाला हात हलवून टाटा केला.

सासरा नामाजी मागच्या बाकावर घोंगडी मांडीवर घेऊन बसला होता. तो उभा राहून म्हणाला, "सायेब, आमच्यात आपल्या कोकराच्या डाव्या कानाला दोन खाचा मारत असतात, म्हंजी वळखायची पंचाईत व्हत न्हाई. नातीच्या कानाला मारायच्या राह्यल्या, एवढीच चूक झाली."

न्यायाधीशही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी तपासणीचा हुकूम दिला. परमेश्वरचं रक्त कुठंच जपून ठेवलेलं नव्हतं. तेव्हा आजा-आजीचं, मोहिनीचं आणि लेकराचं घ्यायचं ठरलं. मोहिनीची वकील निलम राठोड ही कळमनुरीजवळच्या तांड्यावरची, वयानं मोहिनीहून चार-पाच वर्षांनीच मोठी. तिनं विचारलं, तुमची तयारी आहे का? सगळ्यांनी माना हलवल्या. सासू सिंधूबाईनं तर सगळ्यांच्या आधी हलवली.

दाव्याचं काय व्हायचं ते होवो. पुजाच्या नावापुढं परमेश्वरचं नाव लागलं पाहिजे, एवढंच मोहिनीच्या डोक्यात होतं. तिला झोपेतही तो रकाना दिसायचा.

*

रक्त द्यायच्या आधी नामाजीनं तीन दिवस गूळ-शेंगदाणे खाल्ले. माणसाचं इतकं रगत जाणार, तर भरून ठेवावं, हा त्याचा हिशेब. चौथ्या दिवशी लाल फेटा बांधून तो दवाखान्याच्या खुर्चीत बसला, दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली आणि बोटाएवढी नळी भरली तसा दवाखान्यातला पोरगा म्हणाला, झालं बाबा, उठा.

"बस?" नामाजी म्हणाला. "आरं, म्या तीन दिस गूळ खाऊन राहिलो."

पुजाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची होती. तिनं ती काडी दातात धरली आणि सोडेना. दोघांनी मिळून तिला गुदगुल्या केल्या तेव्हा काडी सुटली. मोहिनीनं घाबरून तीनतीनदा विचारलं की ही काडी आता चालेल ना, दात लागले तिला. दवाखान्यातला पोरगा म्हणाला, ताई, चालेल, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्यात. तरी तिनं प्रत्येक चिठ्ठी वाकून वाचली.

सिंधूबाईची पाळी आली. तिनं बाही वर केली. काठीसारखा काळा, सुरकुतलेला दंड. त्या पोरानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाला, आजी, तुमच्यात रक्तच कमी आहे, लोहाच्या गोळ्या लिहून देतो, रोज घ्यायच्या. सिंधूबाईनं ते ऐकलंच नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"बाप्पा, लेकराला पाजलेल्या दुधाचं रगतच बनतं ना?"

"बनतं की," नळीवर चिठ्ठी डकवत तो म्हणाला.

सिंधूबाई समाधानानं हसली. पुजाबद्दल विचारते आहे, असं मोहिनीला वाटलं.

*

अहवाल शिमग्याच्या तोंडावर आला. निलमनं मोहिनीला एकटीलाच कळमनुरीला बोलावलं. तिच्या ऑफिसात दोन खुर्च्या आणि एक पंखा. निलमनं उठून दार लोटलं आणि अहवाल मोहिनीपुढं सरकवला.

कागदावर लिहिलं होतं, की मोहिनी ही लेकराची आई आहे, आणि नामाजी व सिंधूबाई हे त्या लेकराचे आजोबा-आजी असू शकत नाहीत.

"मोहिनी," निलम म्हणाली, "मी तुझी वकील आहे. मला फक्त खरं सांग."

पुजा टेबलावरचा शिक्का घेऊन आपल्या पोटावर मारत होती. मोहिनीनं तो काढून घेतला आणि म्हणाली, "ताई, चूक माझी नाही. कुठंतरी आहे, पण माझी नाही." निलमनं पाण्याचा ग्लास सरकवला आणि विचारलं, की घरात जुनं काही आहे का, कुणी कधी काही बोललेलं? तेव्हा मोहिनीला पाटावरची रूपाबाई आठवली. कानातून झरझर पाणी उतरावं तसं तिचं ते वाक्य आत उतरलं.

परतीच्या जीपमध्ये वस्तीवरची एक बाई भेटली. निकाल लागला का गं, म्हणून तिनं विचारलं. मोहिनी नाही म्हणाली, पण तिचं तोंड बघून बाईनं जे समजायचं ते समजून घेतलं. तिनं पुजाची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडं फिरवलं आणि नाक निरखलं, बाजारात जनावराचे दात बघावेत तसं. मोहिनीनं लेकरू ओढून छातीशी धरलं. पुजाला वाटलं खेळ चालला आहे. ती खदखदून हसली.

मेंढरं त्या आठवड्यात हळदीच्या मोकळ्या रानात बसवलेली होती. हळद निघाली की शेतकरी खतासाठी मेंढरं बोलावतात; दिवसा चारायची, संध्याकाळी त्या रानात वाघूर म्हणजे जाळ्याचं कुंपण लावून आत बसवायची. पलीकडच्या बांधावर कढईत हळद शिजत होती, तिचा वास सगळ्या शिवारात भरला होता. मोहिनी पोचली तेव्हा दिवस कलला होता आणि सिंधूबाई कोकरं सोडत होती. दिवसभर कोंडलेली चाळीस कोकरं एकदम सुटली आणि एकच कालवा उठला. शंभर मेंढ्यांत ज्यानं त्यानं आपली आई धुंडली, गुडघे टेकले, शेपट्या थरथरवत लुचायला लागली. दोन मिनिटांत सगळं शांत.

एका कोकराच्या अंगावर दुसऱ्या कोकराचं कातडं बांधलेलं होतं. त्याची आई परवा मेली होती आणि एका मेंढीचं कोकरू मेलं होतं. मेलेल्या कोकराचं कातडं याला पांघरलं की मेंढी वासानं फसते आणि त्याला पाजते. सिंधूबाई त्या मेंढीपाशी उकिडवी बसून दोऱ्या सोडत होती.

मोहिनीनं उभ्या उभ्याच सांगितलं. कागद वाचून दाखवला. वाचताना तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. नामाजी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. तिला वाटलं, आता हे दोघं माझ्याकडं बघणार, जीपमधल्या बाईसारखं.

सिंधूबाईनं तिच्याकडं बघितलंच नाही. तिनं कोकराच्या अंगावरचं कातडं उतरवलं, बाजूला ठेवलं, आणि कोकरू तसंच उघडं मेंढीकडं ढकललं. मेंढीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग पाय फाकवून उभी राहिली.

"तीन दिस कातडं लागतं," सिंधूबाई म्हणाली. "मंग न्हाई लागत. दूध त्याच्या अंगात फिरतं, तिचाच वास येतो त्याला." कातड्यावर हात ठेवून ती म्हणाली, "परमेसर माझ्या पोटचा नव्हता, माय."

त्यानंतर ती सलग बोलत राहिली, एका सुरात, हातातली दोरी गुंडाळत आणि उलगडत. ती आणि तिची धाकटी बहीण मिराबाई, दोघी एकाच घरात दिलेल्या. थोरली नामाजीला, धाकटी त्याचा भाऊ बजरंगला. दोघींचे एकाच हिवाळ्यात दिवस भरलेले, आणि मेंढरं पार गोदावरीकडं गेलेली. सिंधूबाईचं मूल दीड महिना जगलं. ते गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मिराबाई बाळंत झाली आणि रक्त थांबेना. गाडी नाही, रस्ता नाही. मिराबाईनं लेकरू बहिणीच्या मांडीवर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, की याला बिनमायचं म्हणू देऊ नको कुणाला. पाच महिन्यांनी कळप वस्तीवर परत आला तेव्हा सिंधूबाईच्या कडेवर मूल होतं. मिराबाई लेकरासकट गेली, असं सांगितलं. कुणी विचारलं नाही. एका रूपाबाईनं लेकराची टाळू चाचपली, महिन्यांचा हिशेब केला आणि गप्प बसली. आपल्याच लेकाचा चुलता होऊन बजरंगला त्या घरात बसवेना, तो शिरड शहापूरला मेंढरं राखायला निघून गेला आणि तिकडचाच झाला.

"त्यांना माहीत होतं?" मोहिनीनं विचारलं. त्यांना म्हणजे परमेश्वरला.

सिंधूबाईनं मान हलवली. नाही.

मग मात्र मोहिनीला राग आला. दुपारपासून गिळलेलं सगळं वर आलं. "तुमाला ठाऊक होतं, तर रक्त काहून दिलं, आत्याबाई? मला जगात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

सिंधूबाई खरोखरच गोंधळली. "अडीच वर्सं अंगावर पाजलं त्याला," ती म्हणाली. "मला वाटलं, एवढ्या दुधाचं माझंच रगत झालं आसंल. म्या त्या पोराला इचारलं बी. त्यो व्हय म्हनला."

"मलाबी तसंच वाटलं," नामाजी खाली बघत म्हणाला. "कोकराचं व्हतंय ना."

मोहिनी त्या दोघांकडं बघत राहिली. दोन म्हातारी माणसं, हातात कातडं आणि दोरी, परीक्षेत सगळं पाठ करून गेलेली आणि नापास झालेली. तिला रडू येत होतं आणि कुठून तरी हसू फुटलं. मग ते थांबेना. पुजा हसली, नामाजी हसला. सिंधूबाई सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत म्हणाली, यात हसण्यासारखं काय आहे, आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी मोहिनी आणि नामाजी पुजाला घेऊन शिरड शहापूरला गेली. बजरंग गावाबाहेर लिंबाखाली लोकर कातरत बसला होता. उंच, वाळका माणूस, मेंढीला दोन गुडघ्यांत धरून खाली वाकलेला. मोहिनीनं त्याला पाच-सहा वेळा बघितलं असेल. दर दिवाळीला यायचा, परमेश्वरसाठी स्वतः विणून घेतलेली घोंगडी आणायचा, ओट्यावर चहा पिऊन परत जायचा. परमेश्वरच्या मातीला तो सगळ्यांच्या मागं, चुलत्याच्या जागी बसला होता.

नामाजीनं सगळं सांगितलं, आता रक्त त्याचं लागणार तेही सांगितलं. बजरंगची कातर चालूच राहिली. मेंढीची एक बाजू पूर्ण झाली, त्यानं तिला उलटी केली, दुसरी बाजू सुरू केली. मग म्हणाला, "वैनीचं काय म्हननं हाय?"

"तीच बोलाव म्हनली."

"मंग व्हय." त्यानं कातर ठेवली, लोकरीचे हात धोतराला पुसले आणि पुजाकडं हात केले. पुजा नवख्या माणसाकडं जात नसे. तिनं त्याच्या हाताला चिकटलेली लोकर बघितली, उचलून तोंडात घातली, आणि ती काढता काढता तिला घ्यावंच लागलं. तो तिला घेऊन लिंबाच्या पलीकडं गेला. बराच वेळ तिकडंच उभा राहिला. परत आला तेव्हा पुजाच्या डोक्यावर त्याचा फेटा होता, आणि ती दिसेनाशी होऊन आत किंचाळत होती, आनंदानं.

*

निलमनं बजरंगच्या तपासणीसाठी कोर्टात अर्ज दिला. हुकूम होण्याआधी सिंधूबाईची जबानी व्हायची होती. आपण आई नाही, हे तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. ते सांगितल्याशिवाय पुजा परमेश्वरची ठरणार नव्हती. निलमनं तिला दोनदा पढवलं. मोहिनीनं घरी एकदा. प्रत्येक वेळी सिंधूबाई नीट बोलायची आणि शेवटच्या वाक्याला अडायची.

पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा ती अंगानं आणखीच लहान दिसत होती. कठडा तिच्या छातीपर्यंत आला. तिनं सगळं सांगितलं. कंपनीचा वकील उठला आणि म्हणाला, म्हणजे बाई, पस्तीस वर्षं तुम्ही जगाला खोटं सांगत आलात?

"व्हय," सिंधूबाई म्हणाली.

"आणि आता सांगता की तुम्ही मयताची आई नाही?"

मोहिनीनं बाकाची कड घट्ट धरली. सिंधूबाई हेच वाक्य घरी म्हणू शकली नव्हती.

"जलमाची न्हाई," ती म्हणाली. "बाकी समदी."

न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितलं, की जसं बोलल्या तसंच लिहा. मग बजरंगच्या तपासणीचा हुकूम झाला. बाहेर आल्यावर निलमनं डोळे पुसले आणि वर मोहिनीलाच दरडावलं, की रडायचं नाही, अजून अहवाल यायचा आहे.

अहवाल यायला पावसाळा निम्मा गेला. तोवर मोहिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. फोन वाजला की छातीत धस्स, नाही वाजला तरी धस्स. सिंधूबाई मात्र वरवर शांत होती. मोहिनीचं लक्ष असायचं तिच्याकडं. सासू पुजाला पूर्वीसारखी उठता-बसता उचलत नव्हती. मोहिनीच्या हातात देऊन टाकायची. एकदा म्हणालीसुद्धा, तुमची पोरगी निजली का? मोहिनी हातातलं लाटणं तसंच धरून थांबली. तुमची.

तिनं समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हणाली, आत्याबाई, तुम्ही मिराबाईच्या सख्ख्या बहीण. त्या हिशेबानं पुजात तुमचंही थोडं रक्त आहेच.

"थोडं काहून?" सिंधूबाई म्हणाली, आणि भाकरी परतायला वळली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी निलमचा फोन आला. तिनं बातमी सांगितली नाही, नुसती ओरडली. मोहिनीला ते कळलं. बजरंग पुजाचा आजा ठरला होता, म्हणजे पुजा परमेश्वरची होती. ती हातातलं पीठ घेऊनच अंगणात धावली आणि जे भेटेल त्याला सांगत सुटली. नामाजीला मिठी मारायची रीत नव्हती. त्यानं दारातल्या बैलालाच मिठी मारली. जीपमधली ती बाई साखर घेऊन आली. मोहिनीनं साखर घेतली आणि पुजाची हनुवटी धरून तिच्यासमोर फिरवली. बघा आता नाक, म्हणाली. बाई ओशाळून हसली.

रूपाबाई काठी टेकत आली. "दोनदा सांगितलं व्हतं," एवढंच म्हणून ती मानाच्या जागी बसली. मोहिनी तिच्या पाया पडली.

बजरंग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला आला. या वेळी ओट्यावर बसला नाही, आत आला. बोकड कापला, बायकांनी गाणी म्हटली, पोरांनी बैलांच्या शिंगांचा उरलेला रंग एकमेकांच्या तोंडाला लावला. नामाजी सगळ्यांना सांगत होता, की आमच्या पोरीला दोन आजे हायेत, एक कागदाचा आन् एक बिनकागदाचा. सिंधूबाई चुलीपाशी होती. तिला चार वेळा बोलावलं, ती रस्सा लागेल म्हणून उठली नाही.

आणि मग पुजा पडली. बैलाच्या झुलीत पाय अडकला आणि दगडावर तोंडावर आपटली. ओठ फुटला, रक्त आलं, तिनं श्वास धरून ठेवला आणि मग गाव गोळा होईल अशी किंकाळी फोडली. बजरंग सगळ्यात जवळ होता, त्यानं उचलायला हात घातले. तिनं ते झटकले. मोहिनी धावली. पुजा तिच्याही बगलेखालून निसटली. त्या साठ-सत्तर माणसांच्या पायांतून वाट काढत, आंधळ्यासारखी रडत ती थेट चुलीकडं गेली आणि सिंधूबाईच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली.

सिंधूबाईनं पळी ठेवली. पदरानं लेकराचा ओठ पुसला. पदराला लागलेल्या त्या लाल डागाकडं तिनं नीट निरखून बघितलं, आणि मोहिनीकडं वर बघून म्हणाली, "हे आता माझ्या अंगाला लागलं बरं का. तपासायला आले तर बराबर निघंल."

त्या दिवशी चुलीवरचा रस्सा लागला. कुणी नाव ठेवलं नाही.

*

आता जन्माच्या दाखल्यावर परमेश्वरचं नाव आहे. मोहिनीनं तो फ्रेम करून भिंतीला लावला आहे, आणि रोज एकदा वाचते, अक्षर हललं तर नाही ना म्हणून. दाव्याचा निकालही त्यांच्या बाजूनं लागला. दिवाळी झाली आणि कळप दरसालप्रमाणं बाहेर पडला. नामाजीबरोबर या वर्षी बजरंग आहे. सिंधूबाईही गेली. पुजाला घेऊन जाते म्हणाली होती. मोहिनीनं थंडीचं निमित्त काढून ठेवून घेतली, आणि आता तेच तिला खातं. रानात फोन लागत नाही. लागला तर नामाजी मेंढरांचं सांगतो, माणसांचं सांगत नाही. लोहाच्या गोळ्या मोहिनीनं पिशवीत घालून दिल्या आहेत, पण मागची पाकिटं तिला कणगीच्या मागं सापडली होती, न फोडलेली.

म्हणून तिचं एक मागणं आहे. कळमनुरीकडून नांदेडच्या अंगाला तुमचं शेत असेल, आणि यंदा तुमच्या रानात डाव्या कानाला दोन खाचा असलेली मेंढरं बसली असतील, तर एकदा संध्याकाळी वाघुरीजवळ जाऊन या. हिरव्या लुगड्यातली एक बारकीशी बाई कोकरं सोडत असेल. गोळी घेतली का विचारा. ती हो म्हणेल. त्यावर जाऊ नका, पाकीट दाखवा म्हणा. डोळ्याची पापणी जरा ओढून बघितलीत तर फारच बरं. आणि उठता उठता विचारा, की तुम्ही कुणाची आजी. तिनं चटकन पुजाचं नाव घेतलं तर काही काळजी नाही. जरा जरी थांबली, तरी मोहिनीला फोन करा. ती लेकराला काखोटीला मारून पहिल्या गाडीनं येते.